रांजणावरचा सरळ मोजा

१

“म्हातारी गेली! अहो, म्हातारी गेली!”

सोमवारी सकाळी सात वाजता गच्चीवरून मेंग मावशींचा टाहो ऐकू आला, तेव्हा मी बूट काढून कचेरीतल्या सपाता घालत होतो. नवखा कोणी असता तर काळा टाय आणि दुखवट्याचं पांढरं पाकीट शोधायला लागला असता. मी एकाच पायात सपाता घालून पाच मजले चढलो. नाकदोंग बँकेत म्हातारी एकच होती आणि ती बाई नव्हती, रांजण होता.

देगू शहरातल्या सोमुन बाजारासमोरची ही आमची मुख्य शाखा. काउंटरवरच्या सगळ्यांना एकदम जेवायला सुटता येत नाही, म्हणून बँकेचं स्वतःचं स्वयंपाकघर आहे. स्वयंपाकघर आलं म्हणजे गच्चीवर सोया सॉसचे आणि सोयाबीनच्या लगद्याचे रांजण आलेच. आमच्याकडे नऊ. आठ कमरेएवढे, नववा गुडघ्याएवढा. तीच म्हातारी.

१९५४ साली बँक उघडली तेव्हाची पहिली स्वयंपाकीण लढाईच्या धामधुमीत उत्तरेकडून डोक्यावर एक मडकं घेऊन आली होती. घर, दागिने, भांडीकुंडी सगळं मागे टाकलं आणि घरचा सोया सॉस तेवढा आणला. तोच या रांजणात ओतला. दर वसंतात त्यात नवी भर घालायची, पण तळ कधी दिसू द्यायचा नाही. आणि दुधाला विरजण लावावं तसा त्यातला एकेक डाव बाकीच्या आठांत घालायचा. पन्नास वर्षं हे असंच चाललं होतं. १९९८ च्या बँकांच्या पडझडीत निम्मी माणसं घरी गेली, मग बँक अमेरिकेतल्या एका फंडाने घेतली, तीन वर्षांनी त्यांनी ती हॉलंडमधल्या एका बँकेला विकली. पाट्या बदलल्या, फॉर्म बदलले, साहेब बदलले. दुपारच्या रश्शाची चव तेवढी बदलली नाही. आमच्याकडे म्हणतात, सोयाची चव फिरली की घर फिरलं.

गच्चीवर आठ रांजण जागच्या जागी होते. नवव्याच्या जागी विटांवर एक गोल डाग. बाजूच्या खिळ्याला म्हातारीच्या गळ्यातली गवताची दोरी, तिच्यातल्या लाल मिरच्या आणि कोळशासकट, नीट वेटोळं करून टांगलेली.

मावशी डागाशेजारी फतकल मारून बसल्या होत्या. “पोरा, कुठं बंद खोलीत कोंडली असेल ना, तर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. तिला ऊन लागतं रे, वारा लागतो. ती गेली तर मी कशाला राहू इथं? फ्रीजमधल्या बाटल्या उघडायला?”

त्यांच्या मागे दारावर शुक्रवारी चिकटवलेला कागद फडफडत होता. ‘ॲमस्टरडॅमहून तपासणी अधिकारी सोमवार व मंगळवारी येत आहेत. ज्या खाद्यपदार्थावर तयार केल्याची व संपण्याची तारीख नाही, तो ओतून देण्यात येईल.’

पन्नास वर्षांच्या म्हातारीवर कसली आलीय तारीख! आणि तो अधिकारी दहा वाजता येणार होता.

२

असल्या वेळी आमच्याकडे एकच माणूस आठवतं, तिसऱ्या मजल्यावरच्या जेगल बाई. पण साडेआठला तिजोरी उघडते आणि सुरक्षित ठेव विभाग माझ्याकडे, त्यामुळे आधी पोटापाण्याचं. त्या सकाळी तीन मोहोरबंद वस्तू आल्या. कुण्या आजीबाईंची दागिन्यांची डबी, बाजारातल्या कापडवाल्याचा कागदांचा गठ्ठा आणि आमच्या सर्वांत बड्या साहेबांची, डच बाउमासाहेबांची, पुस्तकांची लाकडी पेटी. आत काय आहे हे विचारायचं नाही, मोहोर बघायची आणि नोंद करायची, हा नियम. साहेबांची पुस्तकं उचलताना माझी कंबर धरली. हे डच लोक वाचतात तरी काय, असं म्हणत मी वर गेलो.

“कंबरेला काय झालं रे, मिन?” बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं. “लग्नाआधीच?”

जेगल बाई एकतीस वर्षं तपासणी खात्यात होत्या. वाणिज्य शाळेतून थेट बँकेत आल्या तेव्हा मुलींकडून लिहून घेत, लग्न ठरलं की राजीनामा देईन. बाईंनी सही केली आणि लग्नच केलं नाही. तो कागद पुढे सरकवणाऱ्या साहेबाच्या शाखेची तपासणी पुढे त्यांच्याकडेच आली. त्या तीन दिवसांत तो चार किलोंनी उतरला म्हणतात.

निवृत्तीनंतर बँकेने त्यांना पन्नास वर्षांचा इतिहास लिहायला बसवलं होतं. नऊ प्रकरणं तयार होती. दहावं, ‘परकी मालकी’, चार महिने कोरं पडलं होतं. विचारलं की म्हणायच्या, “विकलेल्या घराचं कौतुक जुन्या भाडेकरूने कशाला करायचं? बँक गेली तिथे माझा इतिहास संपला.” छापखान्याची मुदत या आठवड्याची होती.

म्हातारीचं ऐकून त्यांनी टोपण लावून पेन ठेवलं. “म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज रांजण ओततील, उद्या मेंगला, परवा तुला. चल.”

गच्चीवर बाईंनी काही शोधलं नाही, नुसत्या उभ्या राहून बघत होत्या. मे महिन्याचे दिवस. पाइनच्या फुलोऱ्याचा पराग शनिवारच्या वाऱ्यात शहरभर उडाला होता आणि पाण्याची टाकी, पाइप, फरशी सगळं हळद लावल्यासारखं पिवळं झालं होतं.

“काय दिसतंय?”

“पिवळं,” मी म्हणालो.

“आणि काय पिवळं नाही?”

मी पाहिलं. आठही रांजणांची झाकणं लख्ख होती. काठांच्या खाचासुद्धा पुसलेल्या.

“मी नाही हो पुसली,” मावशी म्हणाल्या. “शुक्रवारी संध्याकाळी झाकली ती आज आले.”

“म्हणजे शनिवारच्या वाऱ्यानंतर कुणीतरी पुसली,” बाई म्हणाल्या. “चोर घरात शिरून निघताना भांडी घासून जातो, असं कधी ऐकलंय? ज्याने म्हातारी नेली त्याचा हात असल्या गोष्टींवरून प्रेमाने फिरलेला आहे.”

मग त्या तिसऱ्या रांजणासमोर बराच वेळ थांबल्या. प्रत्येक रांजणाच्या पोटावर पांढऱ्या कागदाचा कापलेला पायमोजा चिकटवलेला असतो. किडामुंगी, पीडा, जे काही यायचं ते त्यात अडकावं म्हणून. “हे केव्हा लावलेत?”

“शुक्रवारीच. तिसऱ्याची खळ नीट धरत नव्हती.”

“हं,” बाई म्हणाल्या. हा ‘हं’ मला ठाऊक होता. तो चार किलोंचा ‘हं’ होता.

३

गच्चीची किल्ली पहारेकरी बोंग काकांच्या खोलीत खिळ्याला असते. काका शनिवारी गावी चुलत्याच्या मयतीला गेले होते, आज पहाटे आले. बोलायला वर आले, पण गच्चीच्या उंबऱ्यातच थांबले.

“आत या की,” मी म्हणालो.

“मयतीहून आलोय, पोरा. सोयाच्या रांजणाजवळ जाऊ? मेंग मीठ फेकून मारेल.”

“मारेनच,” मावशी आतून म्हणाल्या.

काकांच्या जागी आलेल्या बदली माणसाने वहीत इमानाने लिहून ठेवलं होतं. रविवारी बँकेत तिघे आले. शाखाधिकारी नामगुंगसाहेब, गोल्फच्या काठ्या ठेवायला. प्यो मॅडम, काम करायला. आणि सर्वांत मोठे बाउमासाहेब, जे दर रविवारी संध्याकाळी आईला फोन करायला येतात. साहेबांना बाजूला ठेवा, असं मी मनात म्हटलं. परका माणूस, दोन मीटर उंच. मावशींना ‘काय गं’ म्हणतो आणि बाजारातल्या मांजराला ‘आपण’. त्याला म्हातारीचं काय?

नामगुंगसाहेबांना मात्र गच्ची हवी होती, गोल्फच्या सरावाची जाळी लावायला. ते तणतणतच वर आले.

“यात शोधायचं काय, बाई? मेंगनेच लपवली. शुक्रवारी माझ्यादेखत म्हणाली, दाखवा मला कोण ओततो ते.”

“आणि ओतलं असतं तर तुमची जाळी लागली असती.”

“लागली असती! म्हणून मी चोर?”

“तुमच्या आईंकडे रांजण किती होते?”

साहेब एकदम मऊ झाले. “चाळीस. आम्ही पाच भाऊ. रोज सकाळी शाळेआधी आठ-आठ झाकणं पुसायची, मग जेवण.”

प्रेमाने फिरलेला हात! बाई काही बोलणार तेवढ्यात साहेब तिसऱ्या रांजणापाशी गेले आणि ओरडले, “हे काय? हा मोजा कुणी सरळ लावलाय?”

मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. सात रांजणांवर मोजे उलटे होते, पाऊल वर आणि तोंड खाली, जसे असायला हवेत. खालून चढणारी पीडा तोंडातून आत शिरते आणि अंगठ्यात जाऊन अडकते. तिसऱ्यावरचा मोजा मात्र तोंड वर, पाऊल खाली, पायात घालायला काढून ठेवल्यासारखा.

“माझ्या आईने पाहिलं असतं तर कान उपटले असते,” म्हणत साहेबांनी हात पुढे केला.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सुटलात. जा, तो अधिकारी येईल आता.”

प्यो मॅडम वर आल्या त्या नाकाला रुमाल लावून. सोलमधल्या एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर वाढलेल्या, बाहेर शिकलेल्या. दारावरच्या कागदाचा तर्जुमा त्यांचाच. स्वयंपाकघराच्या वासाची तक्रारही त्यांचीच. सगळी बोटं त्यांच्याकडेच वळत होती.

“मॅडम, झाकणं कुणी पुसली असतील?”

“पुसायची कशाला? पाऊस येईलच की.”

“आणि हे मोजे?”

त्यांनी दुरूनच पाहिलं. “मुलांनी केलेत का? छान आहेत.”

“रविवारी काय काम होतं?”

मॅडमनी रुमाल खाली घेतला. “ॲमस्टरडॅमला पत्र लिहीत होते. या रांजणाला सूट द्या म्हणून. पाच ओळींत सोया सॉस समजावून सांगायचा, बाई, सोपं नाही ते. उत्तर आलं नाही.”

“अहो, पण तुम्हाला तर वास सहन होत नाही!” मी म्हणालो.

“वास सहन होत नाही. रस्सा आवडतो. माणसाचं असं असू शकतं.”

त्या खाली गेल्या. मावशी त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “उद्यापासून हिला वाटी भरून वाढायची.” पण लगेच त्यांचं तोंड पडलं. उद्या कशाने वाढणार?

४

दुपारपर्यंत तपासणी अधिकारी स्वयंपाकघरात पोचला होता. बारीक, तरुण, गोड स्वभावाचा, हातात थर्मामीटर आणि यादी. प्रत्येक डबा उघडून तो ‘सॉरी’ म्हणायचा आणि ओतून द्यायचा. मावशींची लसणाची लोणची गेली, सुक्या माशांची भुकटी गेली. गच्ची त्याने मंगळवार दुपारसाठी ठेवली होती.

बाई चौकशीची परवानगी मागायला बाउमासाहेबांकडे गेल्या, मी मागे. साहेब वाकून, दोन्ही हातांनी खुर्ची पुढे करत म्हणाले, “तू बसा, बाई.”

भिंतीवर एकच फोटो होता. गोठ्यासारखी लांब खोली, फळ्यांवर पिवळी जाड चाकं रचलेली, एक आडदांड गृहस्थ आणि शेजारी हातात फडकं घेतलेला काटकुळा पोरगा. बाई त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

“वडील?”

“हो. आणि मी. आठ वर्ष.”

“ही चाकं गाडीची?”

साहेब मोठ्याने हसले. एवढ्यात अधिकारी दार ढकलून आत आला आणि साहेबांचं हसू जागच्या जागी थिजलं. “रांजण,” ते बाईंना घाईने म्हणाले, “काळजी नाही. सापडते. बुधवार.”

“बुधवारी सापडेल?”

“बुधवार सापडते,” साहेबांनी मान डोलावली आणि अधिकाऱ्याशी त्यांच्या भाषेत बोलायला लागले.

जिना उतरताना मी म्हणालो, “बिचाऱ्यांना काळ कळत नाही. काल-उद्या सगळं एकच.”

“त्यांना काळ चांगला कळतो,” बाई म्हणाल्या. “आपला अधिकारी विमानाने कधी जाणार?”

“मंगळवारी संध्याकाळी.”

बाईंनी पुन्हा तो ‘हं’ केला.

५

मंगळवारी सकाळी आठ वाजता मावशींनी एप्रनची घडी करून बाईंच्या टेबलावर ठेवली. बावीस वर्षांचा एप्रन. “दुसरा दिवस लागला, जेगल. रात्रभर मला तिचाच वास येतोय. मी रडायला नाही आले, सांगायला आले.” असं म्हणून त्या रडल्याच.

“बस खाली,” बाई म्हणाल्या. “आणि मिन, दार लाव. मला सांग, झाकण पुसणारा माणूस कसा?”

“रांजणांत वाढलेला.”

“तिथेच आपण सगळे फसलो. काल दुपारपर्यंत मीही. आपल्याला वाटतं, अशी माया फक्त आपल्या माणसाला. पण रांजणांत वाढलेला माणूस मोजा सरळ लावेल? नामगुंग बघताक्षणी ओरडला. तिसऱ्याची खळ सुटत होती, मोजा वाऱ्याने पडला असणार. कुणीतरी तो उचलला, पुसला आणि आपल्या मते नीट लावला. ज्याला काहीच माहीत नाही तो प्योसारखा हात लावणार नाही. ज्याला सगळं माहीत आहे तो उलटा लावेल. याला पुसायचं माहीत आहे, जपायचं माहीत आहे, टांगलेल्या दोरीचा मान ठेवायचा माहीत आहे. फक्त आपला मोजा माहीत नाही.”

मी तोंड उघडलं. “फोटोतला पोरगा? पण ती चाकं…”

“चाकं नव्हेत रे बाबा, चीज! त्यांच्या फ्रीसलँडकडे असे चीजचे गोळे फळ्यांवर महिनोन्‌महिने मुरवतात आणि घरातली पोरं ते रोज फडक्याने पुसतात. काल मी बाजारातल्या परदेशी मालाच्या दुकानात जाऊन दुकानदाराला विचारलं. रविवारी संध्याकाळी तो माणूस आईशी बोलला, गच्चीवर गेला, सवयीने आठ झाकणं पुसली आणि ज्याच्यावर तारीख घालता येणार नाही तो एक रांजण उचलला. अधिकारी गेला की बुधवारी परत. त्याच्या वरच्यांचा हुकूम त्याला मोडता येत नव्हता, म्हणून वाट वाकडी केली.”

“मग कुठे आहे माझी म्हातारी?” मावशी उठून उभ्याच राहिल्या.

“चीजवाला आपली अनमोल वस्तू कुठे ठेवतो? गार आणि अंधाऱ्या जागी. या इमारतीत सर्वांत गार, सर्वांत अंधारी आणि तपासणीवाल्यालाही उघडता न येणारी जागा कुठली?” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुझी कंबर कशी आहे, मिन?”

पुस्तकांची पेटी! म्हातारीला मी स्वतःच्या हातांनी कोंडून आलो होतो, वर नोंदही केली होती.

६

पण मोहोर ठेवणाऱ्याखेरीज कुणी मोडायची नाही. नियम म्हणजे नियम, आणि तो बाईंनीच एके काळी लिहिलेला. साहेब तर सकाळपासून अधिकाऱ्याच्या शेजारी खिळलेले.

बाई सरळ आत गेल्या. अधिकाऱ्याला आमची भाषा एक अक्षर येत नव्हती. प्यो मॅडम दुभाषी म्हणून बसल्या होत्या. बाईंनी दोघांना वाकून नमस्कार केला आणि हवापाण्याचं बोलावं तसं विचारलं, “साहेब, तुमच्या वडिलांचं चीज दोन दिवस भर उन्हात ठेवलं तर काय होईल?”

“मरते!” साहेब कळवळून म्हणाले.

“आमची म्हातारी दोन दिवस अंधारात ठेवली तर तेच होतं.”

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते बघून मला त्यांची दया आली, कारण एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा एकदम फोटोतल्या पोराचा झाला होता.

“त्या काय म्हणतायत?” अधिकाऱ्याने मॅडमना विचारलं असावं. प्यो मॅडमनी क्षणभर बाईंकडे पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे काहीतरी उत्तर दिलं. नंतर कळलं, त्या म्हणाल्या होत्या, “साहेबांच्या वडिलांची तब्येत विचारतायत. इथली रीत आहे.”

साहेबांनी पोटावर हात ठेवून दिलगिरी दाखवली आणि ते धावत जिना उतरले; मागोमाग बाई, मावशी आणि मी. तिजोरीत पेटी उघडली तेव्हा म्हातारी स्वच्छ मलमलीत गुंडाळलेली होती, झाकणाभोवती मेणकापड, दोरीची गाठ अशी की माहेरवाशिणीची पाठवणी करावी. साहेब मावशींसमोर दोन्ही गुडघ्यांवर बसले. “चूक माझी. मला वाटले, गार चांगले. तू माफ करा.”

मावशींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मेणकापड सोडलं, झाकण उचललं, डोकं जवळजवळ आत घातलं. वरती पांढरी साय धरायला लागली होती. त्यांनी ती डावाने काढली, करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

“जिवंत आहे,” त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून, “उद्यापर्यंत ठेवली असतीस तर तुलाच यात मुरवला असता.”

त्या साहेबांना ‘तू’ म्हणाल्या होत्या. साहेब इतके खूश झाले की त्यांना तेही कळलं नाही.

७

आता प्रश्न राहिला तो वेगळाच. म्हातारीला ऊन ताबडतोब हवं, ऊन गच्चीवर आणि गच्चीवर अडीच वाजता अधिकारी. साहेब डोकं धरून बसले. “तारीख नाही. ओतते.”

“यादीत काय लिहिलंय? खाद्यपदार्थ,” बाई म्हणाल्या. “बँकेच्या इतिहासाचं काम कुणाकडे आहे?”

“तुझ्याकडे, बाई.”

“आणि ऐतिहासिक वस्तू कुठल्या, हे कोण ठरवतं?”

साहेबांनी हळूच मान वर केली.

अडीच वाजता अधिकारी गच्चीवर आला. आठ रांजणांवर मावशींच्या अक्षरात तारखा होत्या, मोजून-मापून खऱ्या. त्याने यादीत बरोबरच्या खुणा केल्या. नववा रांजण उन्हात झाकण उघडून बसला होता, गळ्यात दोरी आणि दोरीला पुठ्ठ्याची पाटी. प्रदर्शन क्रमांक एक. १९५४. शेजारी बाईंनी उद्‌घाटनाच्या दिवसाचा फोटो ठेवला होता. त्यात संस्थापकांच्या रांगेत, अगदी टोकाला, एक बाई तोच रांजण धरून उभी.

अधिकाऱ्याने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. प्रदर्शनाचा रकाना तिच्यात नव्हता. “पण आत द्रव आहे,” तो मॅडमकरवी म्हणाला.

“वस्तूचाच भाग आहे तो,” बाई म्हणाल्या. “निगा राखायची तर रोज डावभर काढावा लागतो आणि वसंतात भर घालावी लागते. नाहीतर तडे जातात.”

मॅडमनी हे शब्दन्‌शब्द सांगितलं. अधिकारी बिचारा चांगला होता. तो रांजणावर वाकला, एकदा वास घेतला, दुसऱ्यांदा सावकाश घेतला, मग वहीत एवढंच लिहिलं की गच्चीवर एक प्रदर्शनवस्तू आहे व वारा जोरदार आहे. जाताना त्याने बाउमासाहेबांच्या कानात काहीतरी विचारलं. साहेबांनी सांगितलं, तो विचारत होता की जेवायला थांबलं तर चालेल का.

तो गेल्यावर मावशींनी एप्रन पुन्हा बांधला. मी पुढे होऊन तिसऱ्या रांजणावरचा मोजा सोडवायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातावर डाव हाणला.

“राहू दे तसाच.”

“अहो, पण तो सरळ आहे. पीडा कशी अडकणार?”

“खालून चढणाऱ्यांसाठी सात आहेत ना? हा वरून पडणाऱ्यांसाठी.” आणि त्यांनी ॲमस्टरडॅमच्या दिशेने, म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे पाण्याच्या टाकीकडे, हनुवटी उडवली.

संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर डोकावलो. जेगल बाई लिहीत होत्या. दहाव्या प्रकरणाचं शीर्षक, ‘परकी मालकी’, त्यांनी खोडलं होतं आणि दुसरं अजून सुचलं नव्हतं. खाली मात्र पहिली ओळ उमटली होती, शाई अजून ओली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचली.

‘या काळात बँकेला एक माणूस मिळाला. त्याला आपला मोजा कसा लावायचा हे माहीत नव्हतं, पण पडलेला दिसला तेव्हा त्याने उचलून लावला.’

“बाई, पण तुम्ही तर म्हणत होतात, बँक गेली तिथे इतिहास संपला.”

“म्हणत होते,” बाई म्हणाल्या. “विरजण शिल्लक आहे तोवर कुठला संपतोय. हो बाजूला, उजेड अडतोय.”